बांधी कुणाच्या नावावर?

१० मे २०२५ या दिवशी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला जंगलात गेलेल्या तीन बाया वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात मोहफूल आणि तेंदूच्या हंगामात अशी बातमी आली नाही असं वर्ष आता जात नाही. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला, तर राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपये देतं. पण वारस कोण, किती आणि कुणाचा वाटा केवढा, हे त्या घरात आधी कधी बोललं गेलेलं नसतं. दहनाची राख निवायच्या आत हा प्रश्न कागदावर सोडवावा लागतो, आणि भाऊ भावापासून तिथूनच दूर जायला लागतो.

शहरातला माणूस मृत्युपत्राचा विचार साठीनंतर करतो. चंद्रपूर आणि गडचिरोलीत तो तिशीतच करायला हवा, कारण इथं मरण म्हातारपणाची वाट पाहत नाही. वाघ आहे, साप आहे, रोवण्याच्या दिवसांत बांधीत उभ्या माणसांवर पडणारी वीज आहे, मलेरिया आहे, पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की जगापासून तुटणारं भामरागड आहे. तरीही या दोन जिल्ह्यांत शेतीच्या वारशाविषयी घराघरांत जी चुप्पी आहे, ती मला सगळ्यात मोठी अडचण वाटते. कायदा गुंतागुंतीचा आहे हे खरं. पण बहुतेक घरांचं नुकसान कायद्यानं होत नाही. बाप जिवंत असताना कुणी विचारलं नाही आणि बापानं सांगितलं नाही, यानं होतं.

सातबाऱ्यावरचे मृत

जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारशानं, वाटणीनं किंवा खरेदीनं हक्क मिळाला, की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. तलाठी फेरफार घेतो, नोटीस काढतो, हरकतीला १५ दिवस देतो आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. रीत एवढी साधी आहे. तरीही आजा वारून तीस-चाळीस वर्षं झाली आणि सातबाऱ्यावर अजून त्याचंच नाव आहे, अशी खाती गावोगावी सापडतात. ती इतकी होती, की राज्य सरकारला त्यासाठी मोहीम काढावी लागली. मार्च २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम १ एप्रिलपासून राज्यभर गेली. मयत खातेदार शोधायचे, वारसांची चौकशी करायची आणि नावं लावायची, एवढंच तिचं काम.

काही सातबाऱ्यांवर ‘ए.कु.मॅ.’ अशी जुनी खूण असते. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलेलं आणि बाकीचे भाऊ कागदावर नाहीतच. थोरला भला असेतो काही बिघडत नाही. त्याच्या मुलांच्या हाती कारभार गेला, की चुलत्यांना आपण या जमिनीचे मालक आहोत हे सिद्ध करत फिरावं लागतं.

नावं का लागत नाहीत? पहिलं कारण मृत्यूचा दाखला. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय ती होत नाही. एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातल्या आतल्या पाड्यावर माणूस वारला, तर त्या २१ दिवसांत ग्रामसेवकाकडं जायला घरात कुणाचं मन असतं? आणि पावसाळा असेल तर वाट तरी कुठं असते? दुसरं कारण सांगायला जड आहे, पण ते गडचिरोलीचंच आहे. गेल्या चार दशकांच्या हिंसाचारात काही माणसं घरातून गेली ती परतली नाहीत. अशा माणसाचा दाखला कोण देणार? सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर कायदा मृत्यू गृहीत धरतो. पण त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि ती वाट बहुतेक घरांना कुणी दाखवलेलीच नसते.

मेलेल्याच्या नावावर राहिलेली जमीन कसता येते, पण तिच्या जोरावर उभं राहता येत नाही. आधारभूत केंद्रावर धान विकायची नोंदणी सातबाऱ्यावर होते आणि चुकारा ज्याचं नाव त्याच्या खात्यात पडतो. पीककर्ज, पीकविमा, पीएम-किसानचे ६,००० रुपये, सगळीकडे नाव लागतं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत साप चावून, वीज पडून किंवा अपघातानं मृत्यू झाला, तर कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. ते खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला लागू आहेत. ज्या घराचा खातेदारच कागदावर चाळीस वर्षांपूर्वीचा आजा आहे, त्या घरानं खातेदार म्हणून कुणाला दाखवायचं?

पैसा येतो तेव्हा

जंगलातल्या तीन एकर धानशेतीला बाजारात फार किंमत नव्हती, तेव्हा ही दिरंगाई खपून जात होती. आता ती खपणार नाही. राजुरा, भद्रावती, बल्लारपूर भागात कोळशासाठी वेकोलि या कोल इंडियाच्या कंपनीनं जमिनी घेतल्या आणि घेत आहे. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दर दोन एकरामागं एका नोकरीचा विचार होऊ शकतो. पैसे वाटून घेता येतात, नोकरी कशी वाटणार? ती एकालाच मिळते. चार भावांच्या सामाईक खात्यात दोन एकर असतील, तर कुणाचा मुलगा खाणीत जाणार हे घरातच ठरवावं लागतं. जिथं मोबदल्याची नोटीस यायच्या आधी हे ठरलं नाही, तिथं ते पुढं कोर्टात ठरतं. बहिणीच्या मुलाचं नाव त्या चर्चेत बहुधा निघतच नाही.

एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावरून लोहखनिज निघतं आहे, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला आहे. सिरोंचा तालुक्यातल्या गोदाकाठच्या शेतकऱ्यांनी २०१९ मध्ये सुरू झालेल्या मेडीगड्डा बंधाऱ्याचं पाणी आपल्या शेतात पाहिलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महसूल मंत्र्यांनी गडचिरोलीतच सांगितलं, की आदिवासींना आपली जमीन खासगी कंपन्यांना थेट भाडेपट्ट्यानं देता येईल अशी तरतूद करणार. त्यावर मोठा विरोध उठला, आणि मलाही तो विरोध रास्त वाटतो. १९७४ च्या दुरुस्तीनं संहितेत आलेलं कलम ३६-अ आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडं जाण्याआधी जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी मागतं. ती अट उगाच आलेली नाही. त्याआधी बाटलीभर दारूवर आणि पोतंभर धानावर जमिनी गेल्या होत्या, म्हणून ती आली. १९५७ ते १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत मिळवून देण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, यातच सगळं आलं. वारशाच्या बाजूनं पाहिलं, तर करार घेऊन कुणी दारात आलं की सही कुणाची चालेल? सातबाऱ्यावर एकट्या थोरल्याचं नाव असेल, तर सगळ्या घराचं भवितव्य त्याच्या एका अंगठ्यावर येतं.

तीन एकर, सहा वाटे

मूल तालुक्यातलं एक कुटुंब समजू. कुणबी समजा, तेली समजा किंवा बौद्ध. हिंदू वारसा कायदा, १९५६ या तिघांनाही लागू आहे. बापानं स्वतः घेतलेली तीन एकर जमीन, म्हणजे १२० गुंठे. बाप मृत्युपत्र न करता वारला. मागं त्याची म्हातारी आई, बायको, दोन मुलं आणि दोन लग्न झालेल्या मुली. कायदा सांगतो, सहा सारखे वाटे. प्रत्येकाला २० गुंठे. बायको आणि आई यांचे वाटे मुलांइतकेच, मुलींचेही तितकेच. हा हिशेब गावात सांगितला, तर निम्मे लोक विश्वास ठेवत नाहीत. आईचा वाटा असतो हे तर अनेकांच्या कानावरच आलेलं नसतं.

वाडवडिलार्जित जमिनीतही मुलगी आता जन्मानं हिस्सेदार आहे. महाराष्ट्रानं हे १९९४ मध्ये त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींपुरतं केलं. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्या मुलींसाठी झालं. त्या तारखेला बाप जिवंत असण्याची अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं.

आता ते २० गुंठे पाहा. तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ मध्ये जिरायती जमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे ठरलं. त्याहून लहान तुकडा पडेल अशी वाटणी किंवा विक्री कायद्याला मान्य नाही. म्हणजे आपलं हे कुटुंब एका पिढीत कायद्याच्या काठावर येऊन उभं राहिलं. पुढच्या पिढीला बांधी वाटता येणार नाही. म्हणून वाटणी म्हणजे धुरे टाकणं, ही समजूत आता सोडली पाहिजे. जमीन एकत्र ठेवून कसणारा एकच आणि बाकीच्यांना ठेक्याचं धान, अशी व्यवस्था लेखी करता येते. एकानं शेत घ्यायचं आणि दुसऱ्यानं घर, बैलजोडी, ट्रॅक्टर किंवा रोख, असंही ठरवता येतं. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सगळ्यांच्या संमतीनं तहसीलदाराकडून वाटणी होते, आणि शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी २०२५ मध्ये राज्यानं माफ केली. भावाभावांनी तोंडी अदलाबदल करून एकमेकांची जमीन बारा वर्षं वहिवाटली असेल, तर सलोखा योजनेत हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी फीत कागद सरळ होतो.

बहिणींकडून हक्कसोड घेण्याची रीत मात्र मला मनापासून खुपते. बाप वारल्यावर तेराव्याच्या आसपास बहिणींना तहसीलला नेतात, साडीचोळी होते, सही होते. बहीण सही करते, कारण तिला जमिनीपेक्षा माहेर हवं असतं. कुणी राजीखुशीनं, समजून उमजून हक्क सोडला, तर तो तिचा अधिकार आहे. पण दुःखात बसलेल्या बाईकडून न वाचता घेतलेली सही राजीखुशीची म्हणता येणार नाही. आणि भावांनीही एक जाणून घ्यावं. तलाठ्यापुढं ‘मला नको’ असं म्हणून किंवा साध्या कागदावर लिहून बहिणीचा हक्क जात नाही, हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. फेरफार ही महसुली नोंद आहे. मालकीचा वाद झाला तर तो दिवाणी न्यायालय ठरवतं, आणि वीस वर्षांनी भाचा दावा घेऊन उभा राहतो.

याच राज्यात शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनी केल्या. राजुऱ्याच्या परिसरात त्या संघटनेची मुळं खोल आहेत. १९९२ मध्ये सरकारनं पत्नीचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावण्याचा निर्णय काढला. तो निर्णय आहे, अर्ज करता येतो, पण अर्ज करणारे नवरे फार थोडे.

गोंड घरातली लेक

आदिवासी कुटुंबाचं गणित वेगळं आहे. हिंदू वारसा कायद्याचं कलम २(२) सांगतं, की केंद्र सरकारनं अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. गोंड, माडिया, कोलाम, परधान यांचा वारसा त्यांच्या रूढीनं चालतो. मग लेकीचं काय? डिसेंबर २०२२ मध्ये ओडिशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं आदिवासी मुलीला या कायद्याखाली हक्क देता येत नाही असं सांगितलं, आणि कायद्यात दुरुस्तीचा विचार करा असं केंद्राला सुचवलं.

मग १७ जुलै २०२५ ला निकाल आला तो एका गोंड घराचाच. छत्तीसगडमधल्या गोंड स्त्रीच्या वारसांनी तिच्या बापाच्या जमिनीत वाटा मागितला होता. खालच्या न्यायालयांनी त्यांना सांगितलं, मुलीला वाटा मिळतो अशी रूढी सिद्ध करा. सर्वोच्च न्यायालयानं हे ओझं उलटं फिरवलं. मुलीला वाटा मिळत नाही अशी रूढी कुणी सिद्ध केली आहे का? नसेल, तर केवळ बाई म्हणून वगळणं समतेच्या हक्काविरुद्ध आहे. त्यासाठी न्यायमूर्ती संजय करोल आणि जॉयमाल्य बागची यांनी मध्य प्रांताच्या १८७५ च्या कायद्यातलं न्याय, समन्याय आणि सद्सद्विवेकाचं तत्त्वही पाहिलं. चांदा जिल्हा तेव्हा त्याच मध्य प्रांतात होता. त्यामुळं कोरचीपासून सिरोंच्यापर्यंतच्या प्रत्येक गोंड घरानं हा निकाल ऐकला पाहिजे.

मी असं मात्र म्हणणार नाही, की रूढी टाकून द्या. रूढी जमातीची आहे आणि ती बदलायचा अधिकारही जमातीचाच. पण प्रत्येक ग्रामसभेनं आपली रूढी काय आहे हे बसून एकदा लिहून काढावं. लेकीला काय, विधवेला काय, घरजावयाला काय, पाट लावलेल्या बाईच्या मुलांना काय. ते लिहिलेलं नसेल, तर तालुक्याच्या कोर्टात दोन वकील ती रूढी आपापल्या अशिलाच्या सोयीनं सांगतील.

आणि इथं एक विलक्षण गोष्ट आहे. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला आपण अर्ज-विनंत्या करतो आहोत, पण वनहक्क कायद्यानं ते २००६ मध्येच करून टाकलं. कलम ४(४) प्रमाणे वैयक्तिक वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यावा लागतो. एकटी बाई कुटुंबप्रमुख असेल तर तिच्या एकटीच्या नावे. तो पट्टा विकता येत नाही, कुणाला देऊन टाकता येत नाही. वारशानं मात्र तो पुढं जातो, आणि थेट वारस नसेल तर जवळच्या नातेवाइकाकडं जातो. जंगलातल्या अतिक्रमणाच्या बांधीला जे मिळालं, ते गावातल्या खासगी मालकीच्या बांधीला अजून मिळायचं आहे. पट्टाधारक वारल्यावर पुढच्याचं नाव लावण्याची वाट मात्र अजून सातबाऱ्याइतकी मळलेली नाही. वनहक्क समितीनं मयत पट्टाधारकांची यादी करून उपविभागीय अधिकाऱ्यांकडं दिली, तर तिथूनच सुरुवात होईल.

मेंढ्यानं काय केलं

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) सामूहिक वनहक्कासाठी सगळ्यांना ठाऊक आहे. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं त्या लढ्याशी कायमची जोडली गेली. मोहनभाऊ जानेवारी २०२५ मध्ये गेले. त्यांच्या नावात आईचं नाव बापाच्या आधी येतं, आणि वारशावर लिहिताना ते मला मुद्दाम नोंदवावंसं वाटतं.

पण मेंढ्याचं त्याहून धाडसी काम कमी लोकांना माहीत आहे. २०१३ मध्ये गावकऱ्यांनी आपल्या खासगी जमिनी महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ खाली ग्रामसभेला दिल्या. मालकी गावाची झाली. विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी, बाकीची जमीन ज्याची तो कसणार आणि त्याच्यामागं त्याचे वारस. फरक एवढाच, की ती गावाबाहेर विकली जाणार नाही. सरकारी मान्यतेसाठी गावाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागलं, आणि २०२४ मध्ये मेंढ्याला स्वतंत्र ग्रामपंचायतीचा दर्जा मिळाला. शेतकरी कुटुंबाच्या वारशाची याहून पक्की तजवीज मला महाराष्ट्रात दुसरी दिसत नाही. मुलाला जमीन मिळेल, पण दारूच्या किंवा दवाखान्याच्या एका वाईट वर्षात ती हातची जाणार नाही. प्रत्येक गावाला हे जमेल असं नाही. पण आपल्या गावात आपली जमीन पुढच्या तीस वर्षांत कुणाची असावी, हा प्रश्न ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

दादाजींचं बियाणं

वारसा म्हणजे जमीनच असं नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे दीड एकराचे शेतकरी. १९८३ मध्ये पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्यांनी त्या निवडल्या, वर्षानुवर्षं पेरल्या आणि घड्याळाच्या नावानं प्रसिद्ध झालेला एचएमटी तांदूळ जन्मला. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठानं त्यांच्याकडून बियाणं नेलं, १९९८ मध्ये पीकेव्ही एचएमटी म्हणून वाण आला, आणि श्रेय मिळालं नाही हे दादाजी अखेरपर्यंत सांगत राहिले. २००५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला. ३ जून २०१८ रोजी ते गरिबीतच गेले. पूर्व विदर्भातल्या किती राइस मिल त्या एका वाणावर चालल्या, आणि ज्यानं तो दिला त्याच्या घरात त्यातलं काही आलं नाही.

दादाजींनी वाण शोधला तेव्हा शेतकऱ्याच्या हक्काचा कायदाच नव्हता. तो २००१ मध्ये आला. आता शेतकरी आपला वाण स्वतःच्या नावे नोंदवू शकतो, त्याला फी नाही, आणि त्याच्यामागं त्याचे वारसही अर्ज करू शकतात. ज्यांच्या कोठीत जुन्या धानाचं वेगळं बी आहे त्यांनी कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारावं. ते बी पुढच्या पिढीची मालमत्ता ठरू शकतं.

मंडईच्या दिवसांत

आता मृत्युपत्राचं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा लागतो. ज्याला वाटा मिळणार त्याला साक्षीदार करू नये. स्वतः घेतलेली जमीन आणि वाडवडिलार्जितातला स्वतःचा हिस्सा एवढंच त्यात देता येतं, मुलांचा जन्मसिद्ध हिस्सा नाही. आदिवासी घरानं त्याआधी ग्रामसभेत आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडं विचारावं, तो सल्ला मोफत असतो. बँकेतला नॉमिनी वारस नसतो, तो फक्त पैसे स्वीकारणारा असतो, हेही घरात सांगून ठेवावं.

झाडीपट्टीत भाऊबीजेपासून मंडई सुरू होते. लेकी-बहिणी माहेरी येतात, पुण्या-नागपुरात कामाला गेलेली पोरं परततात, रात्री नाटक असतं, धान कापणीला आलेलं असतं. वर्षात एवढी माणसं पुन्हा एका अंगणात येत नाहीत. या वर्षी त्यातली एक दुपार काढा. सातबारा आणि आठ-अ मोबाइलवर काढा, वनपट्टा असेल तर पेटीतून काढा, आणि बहिणींच्या देखत मोठ्यानं वाचा. कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही, कोण वारलं आणि अजून कागदावर आहे, हे वहीत लिहा. वडील असतील तर त्यांना विचारा, आई असेल तर तिला आधी विचारा. मंडई संपली की तलाठ्याकडं अर्ज द्या.